फुंक तुमची, आवाज कुणाचा?

प्रश्न : वाचक कोल्हापूरचे, वय ३४, शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला. लग्नसराईत आणि गणपतीत चुलत्यांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. अलीकडे एका ऑर्केस्ट्रातूनही बोलावणी येतात. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सुचवलं, "इलेक्ट्रॉनिक विंड इन्स्ट्रुमेंट घ्या, सनई, बासरी, सॅक्सोफोन सगळं तुम्ही एकटेच भागवाल." ६० हजारांचं बजेट आहे, त्यातले ४० हजार हप्त्याने. बोटं क्लॅरिनेटचीच असल्यामुळे फारसं शिकावं लागणार नाही, असा त्यांचा अंदाज. चुलते, घरातले तात्या, मात्र बिथरलेत. "त्या खेळण्यात फुकून फुकून तोंड बिघडंल, मग क्लॅरनेट वाजायची न्हाई," म्हणतात आणि बोलणं टाकलंय. वाचकांचे प्रश्न दोन : कुठलं मॉडेल घेऊ, आणि तात्यांना कसं समजावू?

उत्तर : मॉडेलचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात. माझ्या मते तो शेवटचा आहे. आधी हे ठरवा, की तुमच्या फुंकेचा आवाज कुठल्या पेटीतून, म्हणजे आवाज काढणाऱ्या यंत्रातून, बाहेर येणार.

कारण या वाद्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना स्वतःचा आवाजच नसतो. मुखाशी बसवलेला सेन्सर फुंकेचा दाब मोजतो, बोटांखालच्या कळा कुठला स्वर धरलाय ते सांगतात, आणि ही माहिती आकड्यांच्या रूपात पुढे जाते. तीही १९८३ पासून चालत आलेल्या मिडी भाषेत (इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती), ज्यात फुंकेला ० ते १२७ एवढेच आकडे मिळतात. आवाज काढतो तो लॅपटॉप, आयपॅड, साउंड मॉड्यूल किंवा वाद्याच्या पोटात बसवलेली चिप. कल्पना काही कालची नाही. १९७० च्या दशकात लिरिकॉन नावाचं असंच वाद्य आलं, १९८७ मध्ये अकाई कंपनीने नाईल स्टायनर यांच्या रचनेवरून ईडब्ल्यूआय (इलेक्ट्रॉनिक विंड इन्स्ट्रुमेंट) या नावाचं वाद्य काढलं, आणि त्याच वर्षी यामाहाचं डब्ल्यूएक्स-७ आलं. आजच्या मॉडेलांत बॅटरी, ब्लूटूथ आणि आतले आवाज वाढलेत. मूळ काम तेच आहे.

म्हणून "सनई, बासरी, सॅक्सोफोन सगळं" हे वाक्य जरा तपासून घेऊ. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवरही सनई असतेच. ती बहुतेक वेळा रेकॉर्ड केलेला नमुना असते : सुरुवातीचा झटका, कंप, श्वास सगळं आधीच त्यात भरलेलं. त्याला तुमची फुंक जोडली तर आवाज फक्त लहान-मोठा होतो. खऱ्या सनईत फुंक वाढली की स्वराचा रंगही बदलतो, तो तिथे बदलत नाही. कोणताही आवाज पसंत करण्याआधी एकच स्वर आठ मात्रा धरा. अगदी हळू सुरू करून चौथ्या मात्रेला पूर्ण जोर द्या आणि परत विझवत आणा. जोर आला तेव्हा स्वर उजळला, किंचित खरखरीत झाला, तर तो आवाज फुंकेच्या वाद्यासाठी बनवलाय. नुसता व्हॉल्यूमचा खटका फिरवल्यासारखं वाटलं, तर तेच काम कीबोर्डवादक पायातल्या पेडलने करतोय आणि त्यासाठी ६० हजार घालायचं कारण नाही. स्वाम नावाची सॅक्सोफोन-बासरीची सॉफ्टवेअरं फुंकेवर नीट चालतात. सर्ज एक्सटी हा कॉम्प्युटरवरचा मोफत सिंथेसायझरही (आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) फुंकेला छान जोडता येतो. सनईचं मात्र फार अपेक्षेने जाऊ नका.

आता बोटं. इथे तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असल्यामुळेच तो अडचणीत आणेल. क्लॅरिनेट खालच्या पट्टीतून वर उडते ती बाराव्या स्वरावर. सहाही भोकं बंद केली की खालचा जी, आणि अंगठ्याची रजिस्टर की (वरच्या पट्टीत नेणारी कळ) दाबली की त्याच बोटांनी वरचा डी. सॅक्सोफोन, पाश्चात्य बासरी आणि या कंट्रोलरांत, म्हणजे फुंकेच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांत, तीच बोटं सप्तकानंतर परत येतात, आणि सहा बोटांचा स्वर कायम डी. म्हणजे तुमच्या क्लॅरिनेटच्या वरच्या भागाची बोटं बहुतांश जुळतील, खालच्या भागाची नाही. हात सवयीने खाली जाईल आणि चौथ्या-पाचव्या स्वराचा घोळ होईल. तुमची क्लॅरिनेट जुन्या साध्या सिस्टीमची, बँडवाल्यांकडे असते तशी मेरठची असेल, तर कडेच्या कळांचा फरक आणखी वाढतो.

शिवाय ईडब्ल्यूआयमध्ये सप्तक बदलतं ते डाव्या अंगठ्याखालच्या छोट्या रोलरांवर अंगठा सरकवून. बोटं आणि अंगठा यांची वेळ जराशी चुकली की मधे एक भलताच स्वर चमकून जातो. यावर उपाय एकच : एका सप्तकातून दुसऱ्यात जाणारे दोन स्वर, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, तो मधला स्वर नाहीसा होईपर्यंत. बहुतेक मॉडेलांत बोटांचे वेगवेगळे संच असतात. पहिल्याच दिवशी सॅक्सोफोनचा संच निवडा आणि नंतर बदलू नका.

सुराचाही एक हिशेब आहे. तुमची क्लॅरिनेट बी-फ्लॅटची असेल, म्हणजे सीची बोटं धरल्यावर ती काळी ५ (बी-फ्लॅट) बोलते. कंट्रोलर पांढरी १ (सी) बोलेल. त्याला उणे २ वर ट्रान्स्पोज करून (सगळे स्वर दोन अर्धस्वर खाली उतरवून) ठेवा, म्हणजे बोट आणि कान यांचं जुनं नातं टिकेल. गायिकेने पट्टी बदलली की ट्रान्स्पोजचं बटण दाबायचा मोह होईलच. त्याच वेळी कीबोर्डवाल्यानेही मिडीतून येणाऱ्या स्वरांना ट्रान्स्पोज लावला असेल, तर पहिल्याच ओळीला दोघांची फजिती ठरलेली.

तात्यांच्या म्हणण्याकडे येऊ, कारण त्यातही तथ्य आहे. या वाद्यात रीड (क्लॅरिनेटच्या मुखाशी असते ती पातळ पट्टी) कंप पावत नाही. ओठांना रीडवर नेमका दाब धरायचं काम उरत नाही, त्यामुळे महिनाभर फक्त तेच वाजवलंत तर क्लॅरिनेटची ओठांची पकड नक्की ढिली पडेल. वरचे स्वर बसके लागतील आणि अर्ध्या तासात ओठ थकतील. पण ते वाजवल्याने होत नाही, क्लॅरिनेट न वाजवल्याने होतं. रोज २० मिनिटं क्लॅरिनेटवर लांब स्वर धरले की हा धोका जवळजवळ उरत नाही.

उलटा धोका जास्त खरा आहे, आणि तो तात्यांनी सांगितलेला नाही. क्लॅरिनेटवाला जोरात फुंकतो, कारण रीडला तेवढा दाब लागतो. त्याच सवयीने कंट्रोलरमध्ये फुंकलं की आकडा लगेच १२७ ला जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. मग सगळं वादन एकसुरी, ओरडणारं. लॅपटॉपवर मिडी-ऑक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर उघडून आकडे बघा. हळू पण स्थिर फुंकेला २० ते ३०, नेहमीच्या फुंकेला ७० ते ८०, आणि तानेच्या शिखरावर १२० च्या पुढे, असा पसारा मिळेपर्यंत सेन्सरचा गेन, म्हणजे त्याची संवेदनशीलता, कमी करत जा. फुंकत नसताना आकडा शून्यावर येत नसेल तर थ्रेशोल्ड (कमीत कमी किती फुंक मोजायची ती मर्यादा) थोडा वाढवा. पण फार वाढवलात तर स्वराची हळुवार सुरुवात आणि विझता शेवट दोन्ही कापले जातात. उरलेली हवा ओठांच्या कोपऱ्यांतून थोडी सोडायची सवय करा, नाहीतर छातीत कोंडल्यासारखं होतं. मुख चावण्याचा सेन्सर असेल तर पहिले दोन आठवडे शून्यावर ठेवा. क्लॅरिनेटची घट्ट पकड त्याला कंप वाटते आणि स्वर हलायला लागतो.

आता खरी कसोटी : मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणं. क्लॅरिनेटवर तुम्ही ती भोकावरून बोट हळूहळू सरकवून आणि ओठ सैल करून काढता. कंट्रोलरची कळ एक तर दाबलेली असते, नाहीतर सुटलेली. अर्धं भोक हा प्रकार तिथे नाही. त्यामुळे नाट्यसंगीत किंवा लावणीतली तुमची सगळ्यात दाद घेणारी जागा पहिल्या दिवशी सपाट वाजेल. भल्या भल्या वादकांचा उत्साह इथे मावळतो आणि वाद्य कपाटात जातं.

दोन वाटा आहेत. पहिली, उजव्या अंगठ्याजवळची बेंडची पट्टी किंवा खटका. वाद्य फक्त "किती दाबलं" एवढंच सांगतं. त्याचे किती स्वर करायचे ते आवाज काढणारी पेटी ठरवते, आणि नेहमीची मर्यादा दोन अर्धस्वर असते. म्हणजे सा वरून पूर्ण दाबलं तर रेपर्यंत, बस. सा ते म हवी तर पेटीत मर्यादा ५ करा, सा ते प ला ७. सरळ १२ का करू नये? कारण मग अंगठ्याचा बारीकसा थरथराटही पाव स्वराएवढा ऐकू येतो. एकाच आवाजाच्या दोन प्रती करून ठेवा : कण (शेजारच्या स्वराचा हलका स्पर्श) आणि आंदोलनासाठी (स्वराचं झुलणं) २ ची, मींडेसाठी ५ ची.

दुसरी वाट पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात आपोआप घसरणं. त्यात "फक्त लेगॅटो" हा पर्याय चालू करा, म्हणजे जीभ मारून घेतलेले स्वर स्वच्छ सुटतील आणि जोडून घेतलेलेच घसरतील. वेळ ८० ते १०० मिलिसेकंदांपासून सुरू करा. संथ मींडेला ३०० पर्यंत. तो वेळ कायमचा लावून ठेवला तर मात्र प्रत्येक तान तेलकट वाटते. ईडब्ल्यूआयच्या काही मॉडेलांत याच्यासाठी वेगळी पट्टी असते आणि स्पर्श केला तरच घसर लागते. मींडप्रधान वाजवणाऱ्याला ती मोठी सोय.

जाता जाता गंधाराबद्दल. ही वाद्यं कीबोर्डच्या सुरात, सगळे अर्धस्वर सारखे मोजून, बोलतात. तंबोऱ्यातला शुद्ध गंधार त्यापेक्षा साधारण १४ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो आणि कोमल गंधार १६ सेंट वर. क्लॅरिनेटवर तुमचे ओठ हे नकळत सांभाळत होते. ऑर्केस्ट्रात सगळेच कीबोर्डच्या सुरात असल्याने फरक खपतो. तंबोऱ्याबरोबर बसलात तर गंधार टोचेल. सर्ज एक्सटीमध्ये स्वरांची वेगळी जुळणी भरता येते.

एवढं झाल्यावर मॉडेल. तुमचं काम मोल्डिंगचं आहे, आणि ही गोष्ट तुम्हाला वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. ईडब्ल्यूआयच्या कळा दाबायच्या नसतात, त्या त्वचेचा स्पर्श ओळखतात. वाळूत काम करून कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटांना त्या कधी ओळखतात, कधी नाही. घामेजल्या बोटांनी शेजारची कळही लागते. वर क्लॅरिनेटवाल्याला बोट कळेवर टेकवून ठेवायची सवय, आणि इथे टेकवलं की स्वर वाजलाच. म्हणून तुम्हाला खऱ्या दाबायच्या कळा असलेलं वाद्य, म्हणजे रोलंडचं एरोफोन किंवा यामाहाचं डिजिटल सॅक्सोफोन, आधी हाताळून बघायला सांगेन. स्टेजवर ऐनवेळी लॅपटॉप रुसला तर पोटातले आवाज कामाला येतात, हा आणखी एक फायदा. ज्यांचे हात मऊ आहेत, घरी कॉम्प्युटरवर संगीत करायचं आहे आणि मींड हवी आहे, त्यांना ईडब्ल्यूआय जास्त मानवेल.

विकत घेण्याआधी अर्धा तास तरी स्वतः फुंका. नुसता व्हिडिओ बघून घेऊ नका. जुनं घेत असाल तर आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर सोबत न्या : न फुंकता आकडा शून्यावर स्थिर राहतो का, एकेक कळ वेगळी ओळखली जाते का, सगळी सप्तकं लागतात का, यूएसबीचं सॉकेट हलवल्यावर जोडणी तुटते का. जास्तीचं मुखपत्र त्याच वेळी घ्या. ते चावून फाटतं आणि ऐनवेळी मिळत नाही. बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर किंमत कितीही उतरली तरी सोडून द्या.

६० हजार सगळे वाद्यावर घालू नका. १० ते १२ हजार पुढच्या जोडणीला ठेवा : चांगली केबल, डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला नीट जोडणारी डबी), आणि लॅपटॉप वापरणार असाल तर ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारं उपकरण). विंडोजवर असिओ ड्रायव्हरशिवाय (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) बसू नका. बफर (आवाज वाजण्याआधी जमा होणारा साठा) १२८ नमुन्यांचा ठेवला तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीला जेमतेम ३ मिलिसेकंद उशीर होतो, ५१२ ला जवळपास १२, आणि तिथून पुढे द्रुत तानेत बोट पुढे, आवाज मागे. ब्लूटूथ स्पीकरवर तालीमसुद्धा करू नका. १०० मिलिसेकंद सहज जातात आणि चुकीची लय हातात बसते.

मंडपातल्या दोन खोडी आधीच सांगून ठेवतो. जनरेटरवर अर्थिंग नसलं की लॅपटॉपचा चार्जर लावताच स्पर्शाच्या कळा वेड्यासारख्या वागतात आणि स्पीकरमधून घूं आवाज येतो. चार्जर काढून बॅटरीवर वाजवा. दुसरी : कीबोर्डवाल्याच्याच पेटीवर तुम्ही वाजवताय आणि फुंक मिडीतल्या व्हॉल्यूमच्या ७ नंबरवर पाठवताय, तर तुम्ही थांबताच तो चॅनेल शून्यावर राहतो आणि त्याचा पुढचा आवाज मुका. फुंक २ किंवा ११ नंबरवर पाठवा आणि चॅनेल वेगळा घ्या. वाजवून झाल्यावर मुख वर ठेवून पाणी खाली निथळू द्या, ओलं वाद्य आडवं ठेवू नका. आणि गणपतीच्या मिरवणुकीत, कोल्हापूरच्या पावसात, हे बाहेर काढूच नका. तिथे क्लॅरिनेटच.

पैशाचं एक गणित मालकांसमोर मांडा. या वाद्यासाठी कार्यक्रमामागे ५०० रुपये जास्त मिळणार असतील, तर ६० हजार निघायला १२० कार्यक्रम लागतात. त्यांनी आकडा सांगितला नाही किंवा "बघू" म्हणाले, तर हप्ता तुमच्या पगारातून जाणार हे धरून चाला. मग घ्यायचं की नाही ते ठरवा. आवडीसाठी घ्यायला काहीच हरकत नाही, पण मग ४० हजारांचं कर्ज न काढता वर्षभर साठवून घ्या.

तात्यांना समजवायला जाऊच नका. क्लॅरिनेट स्वतःच न्यूरेंबर्गच्या डेनरने १७०० च्या सुमारास घडवलेलं परदेशी वाद्य आहे, हा युक्तिवाद खरा असला तरी घरात जिंकून उपयोग नाही. त्यांचं भय बहुधा वाद्याचं नसावं. बँडच्या तारखेला पुतण्या ऑर्केस्ट्राच्या गाडीत बसेल, हे असावं. त्याबद्दल सरळ बोला : बँडची तारीख आधी धरली असेल तर ती मोडणार नाही, आणि रोजची २० मिनिटं क्लॅरिनेट त्यांच्यासमोर वाजेल. शब्द दिलात तर पाळा, नाहीतर देऊ नका.

वेळ म्हणाल तर गणपतीच्या तोंडावर घेऊ नका. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्षात सुपाऱ्या नसतात, तेव्हा सुरू करा. तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात : पहिले दोन फक्त फुंकेच्या आकड्यांना आणि सप्तक बदलाला, पुढचे तीन मींडेला, शेवटचे तीन दोनच गाण्यांना. सीझन सुरू झाल्यावरही स्टेजवर तीच दोन गाणी यावर, बाकी कार्यक्रम क्लॅरिनेटवर, आणि क्लॅरिनेट स्टँडवर रीड लावून तयार.